मधल्या स्विचवर ठरते हंबकरची जोडी: नेक आणि ब्रिज पिकअप कसे निवडावेत, कसे जुळवावेत

गिटार क्लीन ॲम्पला जोडा, पिकअप निवडायचा स्विच मधोमध ठेवा आणि ई मायनर सावकाश छेडा. नेकचा, म्हणजे गिटारच्या गळ्याजवळच्या पिकअपचा गोलावा आणि ब्रिजची, म्हणजे तारा टेकतात त्या टोकाच्या पिकअपची धार एकाच आवाजात मिसळलेली ऐकू आली, तर तुमच्या गिटारमधले दोन हंबकर (तारेची थरथर विजेत बदलणारे, दोन कॉइलींचे पिकअप) एकमेकांना साजेसे आहेत. दोघांपैकी एकच ऐकू येत असेल, किंवा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटत असेल, तर दोन्ही पिकअप सुटे सुटे कितीही उत्तम असोत, जोडी जमलेली नाही.

घरच्या टेबलावर स्वतःच्या आणि मित्रांच्या गिटारी उघडताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली. बहुतेक जण आधी ब्रिजसाठी एक तगडा पिकअप घेतात, कारण डिस्टॉर्शन तिथेच वाजवायचं असतं. नेकला कारखान्यातून आलेला तसाच राहतो, नाहीतर वर्षभराने कुणाच्या तरी शिफारशीवरून दुसराच काहीतरी येऊन बसतो. मधली जागा कुणी तपासतच नाही. म्हणून या लेखातलं सगळं काम मधल्या स्विचकडे डोळा ठेवून करायचं आहे. उदाहरणासाठी लेस पॉल (गिब्सन कंपनीचं मॉडेल) धाटणीची, २२ फ्रेटची, दोन हंबकरची गिटार घेतो. बाकीच्या गिटारींना बरंचसं हेच लागू पडतं.

दोन जागा, दोन स्वभाव

तार ब्रिजपाशी घट्ट टेकलेली असते, त्यामुळे तिथे ती फारशी हलत नाही. नेककडे सरकावं तसा तिचा झोका मोठा होतो. एकच पिकअप दोन्ही जागी लावून पाहिला, तर नेकला तो मोठा, जाड आणि खर्जाकडे झुकलेला वाजतो. ब्रिजला तोच बारीक आणि टोकदार होतो. २४.७५ इंच स्केलच्या गिटारवर चोविसावा फ्रेट असता, तर तो ब्रिजपासून सुमारे १५७ मिलिमीटरवर, म्हणजे मोकळ्या तारेच्या बरोबर पाव अंतरावर आला असता. २२ फ्रेटच्या गिटारवर नेक पिकअप साधारण त्याच ठिकाणी बसतो, आणि त्याचा तो बासरीसारखा गोल आवाज बराचसा या जागेमुळे येतो. २४ फ्रेटच्या गिटारवर पिकअपला ब्रिजच्या दिशेने सरकावं लागतं. मग कितीही महाग पिकअप लावला तरी तो गोलावा पूर्ण मिळत नाही. खरेदीआधी हे ठाऊक असलेलं बरं.

सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी हंबकर तयार केला आणि १९५५ साली पेटंटचा अर्ज केला. १९५७ पासून तो लेस पॉल गिटारींवर आला. पेटंट मिळायला १९५९ उजाडलं. त्या काळात पिकअपखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा कागद चिकटवलेला असे, त्यावरून ‘पीएएफ’ हे नाव रूढ झालं. त्या पिकअपमध्ये नेकचा वेगळा आणि ब्रिजचा वेगळा असा भेद नव्हता. दर कॉइलला ४२ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेची साधारण ५,००० वेटोळी असत, पण प्रत्यक्षात हा आकडा कमी-जास्त होई. म्हणून कुठल्या पीएएफचा विद्युतरोध सात किलोओमच्या जरा वर भरतो, तर कुठल्याचा नऊच्या जवळ जातो. योगायोगाने जास्त वेटोळ्यांचा ब्रिजला आणि कमी वेटोळ्यांचा नेकला लागला, ती गिटार भाग्यवान. आज कंपन्या हेच हेतुपुरस्सर करतात. सेमूर डंकनच्या ’५९ मॉडेलचा नेक ७.४३ किलोओमचा आणि ब्रिज ८.१३ किलोओमचा असतो. हा सात दशांशांचा फरक लहान वाटतो, पण कानाला तो पुरेसा असतो.

पैसे खर्च करण्याआधी मोजमाप

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गिटारच्या जॅकमध्ये केबल लावा. केबलच्या दुसऱ्या टोकाचं अग्र आणि त्यामागची धातूची नळी यांना मीटरच्या दोन पिना टेकवा. मीटर २० किलोओमवर, गिटारचे सगळे व्हॉल्यूम आणि टोन १० वर. स्विच नेकला, मग ब्रिजला, मग मधोमध ठेवून तिन्ही आकडे कागदावर लिहा. पॉटमुळे (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा, रोध कमी-जास्त करणारा भाग) आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो: १६.४ किलोओमचा पिकअप ५०० किलोओमच्या पॉटमधून १५.९ च्या आसपास दिसतो.

मधला आकडा दोन्हींपेक्षा लहान असतो, कारण तिथे पिकअप समांतर जोडलेले असतात. ७.४३ आणि ८.१३ यांचा मधला आकडा ३.८ ते ३.९ यायला हवा. तो एका पिकअपइतकाच आला, तर स्विचमध्ये किंवा एखाद्या सांध्यात तार तुटलेली आहे. तो दोष आधी काढा, पिकअप नंतर बदला.

इथे हवामानाची एक गोष्ट. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ८.० किलोओम दाखवणारा पिकअप एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या दुपारी ८.५ च्या वर दाखवतो. पुण्यातल्या उन्हाळ्यात घेतलेल्या मोजणीची तुलना कंपनीच्या पत्रकाशी करून ‘आपल्याला दुसराच पिकअप दिला’ असं म्हणू नका. दोन्ही पिकअप एकाच वेळी, एकाच खोलीत मोजा आणि त्यांच्यातला फरक बघा.

मग उंची. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि तारेची खालची बाजू ते पिकअपचा स्क्रू हे अंतर मोजा. गिब्सनची शिफारस नेकला २.४ मिलिमीटर आणि ब्रिजला १.६ मिलिमीटर अशी आहे. मित्रांच्या गिटारींत नेक पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. जवळ म्हणजे जोरदार, अशी समजूत असते. पण नेकपाशी तार सैल हलते, चुंबक तिला ओढून धरतं, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि खर्ज चिखलासारखा होतो. पिकअपच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून तो खाली घ्या आणि दोन-तीन दिवस वाजवा. माझा अनुभव असा की बऱ्याच जणांची नवीन पिकअपची गरज इथेच संपते.

कोणाला आधी निवडायचं

ज्या पिकअपवर तुमचं निम्म्याहून अधिक वादन होतं, तो आधी ठरवा. दुसरा त्याच्या मागून येईल. रिफ वाजवणाऱ्याने ब्रिजपासून सुरुवात करावी. ब्लूज, जॅझ किंवा सावकाश सोलो वाजवणाऱ्याने नेकपासून. दोन्ही एकदम ठरवायला गेलं की माणूस दोन सुट्या सुट्या आवडी घेऊन घरी येतो.

जोडी जुळवताना लोक किलोओमचा आकडा धरून बसतात, आणि तिथेच फसतात. हा आकडा फक्त कॉइलच्या तारेचा रोध सांगतो. तार बारीक झाली की तितक्याच लांबीचा रोध वाढतो: ४४ गेजची तार ४२ गेजपेक्षा फुटामागे साधारण १.६ पट रोध दाखवते. सेमूर डंकनचा जेबी हा ब्रिज पिकअप १६.४ किलोओमचा. त्यात ४४ गेजची तार असते, म्हणजे ४२ गेजच्या हिशेबात तो जेमतेम १०.३ किलोओमचा ठरतो. पीएएफच्या दुप्पट जोर त्यात नसतो, हे यावरून लक्षात येईल. तार एकाच गेजची असेल तेव्हाच आकड्यांची तुलना करा. तशा जोडीत नेक ब्रिजपेक्षा अर्धा ते एक किलोओम कमी असावा, हा माझा ढोबळ हिशेब.

गेज वेगळे असतील, तर आवाजाचा स्वभाव बघा. जेबीसोबत नेकला जॅझ हा ७.७२ किलोओमचा पिकअप लावायची पद्धत जुनी आहे. सेमूर डंकन ही जोडी एकत्रही विकतात. कागदावर हे आकडे विजोड दिसतात. पण जेबीत मधले स्वर भरपूर आणि पुढे आलेले असतात, तर जॅझ स्वच्छ आणि मोकळा, त्याचा खर्ज आटोपशीर. नेकच्या जागेचा जाडपणा जॅझ अंगावर घेत नाही आणि ब्रिजच्या जागेचा किरटेपणा जेबी भरून काढतो. एका गिटारवर मी हौसेने जेबीच नेकला लावून पाहिला होता. क्लीन टोनवर ठीक होता, पण गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) चढवल्यावर जाड दोन तारांवरचे सूर वेगळे ओळखू येईनात. म्हणून ब्रिजला जितका जाड पिकअप घ्याल, नेकला तितका उजळ शोधा.

चुंबकाबद्दल थोडक्यात. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांचं मिश्र चुंबक) २ मवाळ, त्याचा हल्ला थोडा दबका आणि वरचे स्वर गोड. अल्निको ५ जोरकस, खर्ज आणि ट्रेबल दोन्ही ठळक. सिरॅमिक आवळलेलं आणि धारदार. त्यावर बांधलेला डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ पासून ब्रिजला लोकप्रिय आहे. दोन्ही पिकअपमध्ये एकच चुंबक हवं असा नियम नाही. सिरॅमिक ब्रिजसोबत अल्निको ५ चा नेक छान नांदतो. मला मात्र सिरॅमिक ब्रिज आणि अल्निको २ नेक ही जोडी मधल्या स्विचवर सहसा पटत नाही. ब्रिजचा टणकपणा वर तरंगतो आणि नेकचा मवाळपणा मागे राहतो. कमी गेनवर वाजवणाऱ्याला दोन्हीकडे अल्निको २ घेऊन पाहायला मी जरूर सांगेन.

ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प असलेल्या पिकअपचा हिशेब निराळा. ईएमजी ८१ ब्रिजला आणि ८५ नेकला ही त्यातली रुळलेली जोडी: पहिल्यात सिरॅमिक, दुसऱ्यात अल्निको. त्यांना ९ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओमचे पॉट लागतात, पॅसिव्ह हंबकरना ५०० किलोओमचे. एकीकडे ॲक्टिव्ह आणि दुसरीकडे पॅसिव्ह असा संसार साध्या वायरिंगवर चालत नाही. पहिल्यांदा करत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

विकत घेण्याआधी पट्टी घेऊन पिकअपच्या जागी दोन टोकांच्या तारांमधलं अंतर मोजा. ब्रिजला ते ५२–५३ मिलिमीटर असेल, तर रुंद स्क्रूरांगेचा प्रकार मागवा. डंकन त्याला ट्रेमबकर म्हणतात, डिमार्झिओ एफ-स्पेस्ड. ५० च्या आसपास असेल तर नेहमीचा. नेकला बहुतेक वेळा नेहमीचाच चालतो. आणि पिकअप चार वायरींचाच घ्या. का, ते आता येतं.

फेज: जोडी इथे मोडते

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र आणले की वेटोळ्यांची दिशा आणि चुंबकाचं तोंड जुळेलच असं नाही. न जुळल्यास, म्हणजे फेज उलटा पडल्यास, मधल्या स्विचवर दोन्ही पिकअपचे सारखे स्वर एकमेकांना खोडतात. खर्ज नाहीसा होतो आणि उरतो तो नाकातला, पातळ आवाज. माझ्या पहिल्या मिश्र जोडीत नेमकं हेच झालं. एका दुकानात मला ‘पिकअप खराब आहे, नवा घ्या’ असं सांगितलं गेलं. पिकअप धडधाकट होता, फक्त दोन वायरी अदलाबदल करायच्या होत्या.

सोल्डर करण्याआधी ही तपासणी करा. पिकअप टेबलावर ठेवा. हॉट (सिग्नल नेणाऱ्या) वायरीला मीटरची लाल पिन, ग्राउंडला काळी, मीटर २० किलोओमवर. लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं पातं पिकअपच्या दोन्ही रांगांवर आडवं अलगद टेकवा आणि झटक्यात वर उचला. उचलताना आकडा क्षणभर वर उडी मारतो किंवा खाली येतो. दोन-तीनदा करून दिशा पक्की करा. मग दुसऱ्या पिकअपवर हेच. दोघांची दिशा एकच असेल तर फेज जुळलेला आहे. पातं हळू टेकवा, चुंबक ते ओढतं आणि कॉइलची तार केसाहून बारीक असते.

दिशा उलट निघाली, तर कुठल्याही एका पिकअपच्या हॉट आणि ग्राउंड वायरी बदला. सेमूर डंकनमध्ये नेहमी काळी हॉट असते, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून झाकायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. फेज उलटवताना हिरवी हॉटला जाते आणि काळी ग्राउंडला. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहते. डिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. रंग एकच पण अर्थ वेगळे, म्हणून एका कंपनीचा नकाशा दुसऱ्याला लावू नका.

जुन्या पद्धतीच्या जाळीदार एकाच वायरीच्या पिकअपमध्ये हा मार्ग बंद असतो. जाळी धातूच्या झाकणाला आणि तळपत्र्याला जोडलेली असते. ती हॉट केली तर झाकणाला हात लागताच गुणगुण सुरू होते. तिथे चुंबक उलटवावं लागतं. तळाचे चार स्क्रू सैल करा, चुंबक बाजूने सरकवून बाहेर काढा, आणि त्याची जी लांब कड स्क्रूंच्या रांगेकडे होती ती दुसऱ्या कॉइलकडे येईल असं परत बसवा. झाकण सोल्डर केलेलं असेल तर हे काम अनुभवी माणसाकडे द्या.

उलट फेज हा नेहमीच दोष नसतो, हेही सांगायला हवं. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेक पिकअपचं चुंबक उलटं होतं, आणि मधल्या स्विचवरचा तिचा तो रडवेला, पोकळ आवाज जगभर ओळखला जातो. पुढे ती गिटार गॅरी मूरकडे आणि नंतर कर्क हॅमेटकडे गेली. तो आवाज हवाच असेल तर एका व्हॉल्यूमला ओढून दाबायचा पॉट लावा, म्हणजे हवा तेव्हाच फेज उलटेल.

कॉइल स्प्लिट करणार, म्हणजे हंबकरची एकच कॉइल चालू ठेवणार असाल तर आणखी एक काळजी. मधल्या स्विचवर दोन्ही पिकअपची एकेक कॉइल चालू राहते. दोन्हींकडे एकाच ध्रुवाच्या कॉइली राहिल्या, तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण सरळ ॲम्पमध्ये येते. एकीकडे स्क्रूची कॉइल आणि दुसरीकडे बिनस्क्रूची ठेवली, की बहुतेक जोड्यांत ती शमते. दोन कंपन्या असतील तर ऐकून खात्री करा.

बसवणं

सामान साधं आहे: ५०० किलोओमचे लॉग पॉट, ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, सोल्डर वायर, फ्लक्स. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला यातलं बरंच मिळतं. कपॅसिटर मागताना २२३ हा कोड सांगा. पॉटवर ए लिहिलेलं बहुधा लॉग आणि बी लिहिलेलं लिनियर असतं. पॉटचा दांडा तुमच्या नॉबमध्ये बसतो का, हे दुकानातच पाहा. नेक पिकअप गढूळ वाजतो म्हणून आलेल्या एका गिटारमध्ये मला २५० किलोओमचे पॉट सापडले होते. ५०० चे लावले आणि पिकअप न बदलताच आवाज उघडला.

तारा हळूहळू सैल करा. लेस पॉलवर तारा सुटल्या की ब्रिज आणि टेलपीस खाली पडतात, म्हणून गिटारखाली आणि अंगावर कापड ठेवा. जुन्या वायरिंगचा फोटो काढा. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडायला २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न कमी पडतो. लोक तो मिनिटभर टेकवून ठेवतात आणि पॉट आतून भाजतो. ४०–६० वॉटचा घ्या, पाठ आधी घासून फ्लक्स लावा आणि काही सेकंदांत काम संपवा.

तारा चढवण्याआधी ॲम्प अगदी हळू ठेवून स्क्रूड्रायव्हरने दोन्ही पिकअपवर टकटक करा. स्विच जिकडे, तोच पिकअप बोलला पाहिजे. मधल्या स्विचवर दोन्ही. मल्टिमीटरचे तीन आकडे पुन्हा घ्या. जेबी-जॅझ जोडीत मधला आकडा ५.१ ते ५.२ यायला हवा.

शेवटचं जुळवणं कानाने

नव्या तारा लावा, सूर मिळवा, ॲम्पचे बेस, मिडल, ट्रेबल मध्यावर ठेवा. सुरुवात नेकपासून करा, कारण त्याला वर येण्याची मर्यादा आहे. २.४ मिलिमीटरवर ठेवून सगळ्यात जाड तारेवरचा सूर स्वच्छ ऐकू येईपर्यंत खाली घ्या. मग तो हलवू नका. आता ब्रिज १.६ वरून थोडा थोडा वर-खाली करत दोन्हींचा जोर मिळवा. क्लीन टोनवर ब्रिज किंचित हळू राहिला तरी मी तिथेच थांबतो. त्याची धार बँडमध्ये त्याला पुढे आणते, आणि गेनवर तो फरक दबून जातो. ब्रिज जेबीसारखा जोरकस असेल तर त्यालाच खाली यावं लागेल, नेकला वर ओढू नका.

मग मधला स्विच. समांतर जोडणीत कमी रोधाचा पिकअप जोरदार पिकअपला थोडा आपल्याकडे ओढतो, म्हणून इथे नेक वरचढ वाटणं साहजिक आहे. ज्या गिटारला दोन व्हॉल्यूम आहेत, तिथे नेकचा व्हॉल्यूम ८ च्या आसपास आणून ऐका. दोन्ही आवाज मिसळतात ती जागा बहुधा तिथेच सापडते. एक व्हॉल्यूम असेल तर नेक अर्धा फेरा खाली घ्या आणि सुटा नेक पुन्हा तपासा. हे दोन-तीनदा पुढे-मागे करावं लागतं. घाई करू नका, मध्ये कानांना विश्रांती द्या. शेवटी तारा एकमेकींशी मिळवायला स्क्रूरांग वापरा: जी तार दबते तिचा स्क्रू पाव फेरा वर.

बँडच्या आवाजात एकदा वाजवून पाहिल्यावर दोन्ही पिकअपची उंची, मीटरचे तीन आकडे, मोजलं त्या दिवशीचं तापमान आणि प्रत्येक वायरीचा रंग कुठे गेला ते एका कागदावर लिहा. तो कागद मागच्या झाकणाच्या आत चिकटवा आणि मग झाकणाचे स्क्रू आवळा.